चौदा नंबरची पेटी

बाबा गेले त्या सकाळी आठ वाजता त्यांच्या फोनवर संदेश आला : ‘शिकारी प्राणी : शून्य. आपला दिवस शुभ जावो.’ फोन माझ्या पर्समध्ये होता. सोबत बाबांचा चष्मा, कवळीची डबी आणि रुग्णालयाने सही घेऊन परत केलेलं घड्याळ. पुढे रोज आठच्या ठोक्याला तो संदेश येत राहिला. माणसांची ये-जा आठवड्याभरात ओसरली. यंत्राने मात्र एका दिवसाचाही खाडा केला नाही.

बाबा पाणथळीवर पेट्या सांभाळायचे. एकतीस वर्षं हेच काम. आमच्या शहराबाहेर पाण्यात घुसलेला वाळूचा एक लांबच लांब पट्टा आहे. तिथे दर वर्षी सुरय पक्षी येतात. पांढरेशुभ्र, डोक्यावर काळी टोपी, अंगाने हलके. घरटं विणण्याच्या भानगडीत ते पडत नाहीत. पोटाने वाळूत खळगा करायचा, त्यात दोन-तीन अंडी घालायची आणि जगावर विश्वास ठेवायचा. हे पुष्कळ काळ चाललं, कारण त्या पट्ट्यावर अंडी खाणारं चार पायांचं कोणी नव्हतं. मग मिंकच्या फरचे कोट बायकांना शोभून दिसतात, असा कुणाला तरी साक्षात्कार झाला. मिंक म्हणजे मुंगसाच्या अंगलटीचा, काळपट तपकिरी, पाण्यात सराईत पोहणारा प्राणी. दूरच्या देशातून ते आणले, पिंजऱ्यांत वाढवले. काही वर्षांनी कोटांची फॅशन गेली, धंदा बसला आणि मालकाने जाताना पिंजऱ्यांची दारं उघडून दिली. मालक कनवाळू होते, असं त्यांच्या मृत्युलेखात आलं होतं. त्या मृत्युलेखाचं मुद्रित मीच तपासलं होतं. माझा व्यवसायच तो. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

तो कनवाळूपणा बाबा एकतीस वर्षं निस्तरत होते. वाळूच्या कडेने चोवीस लाकडी पेट्या, प्रत्येकीत आमिष म्हणून कोंबडीचं एक अंडं, मिंक आत शिरला की खटका पडून दार बंद. रोज आठ पेट्या बघायच्या, म्हणजे प्रत्येक पेटीचं अंडं दर तिसऱ्या दिवशी बदललं जाई. चौदा नंबरच्या पेटीपाशी बाबा सकाळी सातला पोचायचे. सातला म्हणजे सातला. लहानपणी मला वाटायचं, सूर्यही चौदा नंबरला विचारूनच वर येतो.

तीन वर्षांपूर्वी खात्यात नवे साहेब आले आणि पेट्यांना अक्कल आली. प्रत्येक पेटीत कॅमेरा बसला. समोर आलेला प्राणी कोण हे पेटी स्वतः ओळखणार, मिंक असेल तरच दार पाडणार आणि लगेच फोनवर कळवणार. पहिल्याच आठवड्यात बाबा चौदा नंबरसमोर गुडघे टेकून, केसाळ कानटोपीसकट डोकं आत घालून अंडं ठेवत होते. पेटीने त्यांना पाहिलं, क्षणभर विचार केला आणि दार पाडलं. अकरा अधिकाऱ्यांचे फोन एकदम वाजले : ‘मिंक. खात्री : एक्क्याण्णव टक्के.’

दार लागलेल्या बाबांच्या मनगटाला पट्टी बांधताना आत्या म्हणाली, “तरी मी सांगत होते, ती टोपी टाकून दे.”

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आई गेल्यापासून घर तीच चालवते, बाबांनाही तिनेच चालवलं.

“टोपीला काय झालंय?” बाबा म्हणाले. “नऊ टक्के तरी मी माणूस निघालो ना? तुझ्या हिशेबात तेवढाही नव्हतो.”

टोपी बदलायला बाबा तयार होईनात, तेव्हा खात्याने यंत्र बदललं. चौदा नंबरला ‘कर्मचारी-वेळ’ मिळाली : सकाळी सात ते साडेसात. त्या अर्ध्या तासात पेटी फोटो काढणार, पण त्यात कोण आहे याचा विचार करणार नाही. फोटो एका वेगळ्या फोल्डरमध्ये पडून राहणार. बाकीचे साडेतेवीस तास तिने डोळ्यांत तेल घालून पाहायचं. ही योजना इतकी सोयीची ठरली की सगळ्याच पेट्यांना आपापली कर्मचारी-वेळ देण्यात आली.

पहिल्या वर्षात पेट्यांनी सहा मिंक धरले. त्यानंतर शून्य. साहेबांना ते शून्य फार आवडलं. कार्यालयाच्या दारात त्यांनी फलक लावला, त्यावर शून्य आणि खाली किती दिवस झाले त्याचा आकडा. बाबांनी त्यांचं नावच शून्यसाहेब ठेवलं. बाबा सगळ्यांना नावं ठेवायचे. नावाने हाक मारणं त्यांना आळशीपणा वाटे.

नियम असा होता की सलग दोन वर्षं शून्य राहिलं की पट्टा ‘शिकारीमुक्त क्षेत्र’ म्हणून जाहीर करायचा, पेट्या उचलायच्या आणि दुसरीकडे न्यायच्या. ती दोन वर्षं भरत आली होती. पाहुणे ठरले होते, मांडवाचं माप घेतलं गेलं होतं. फक्त बाबा म्हणत होते, “एक उरलीय.” मादी होती म्हणे. तिचंही नाव त्यांनी ठेवलं होतं, कोटवाली. मागच्या मोसमात चौदा नंबरच्या आसपासच्या अकरा खळग्यांतली अंडी गेली होती. कावळ्यांनी नेली, असं अहवालात आलं.

“कावळा अंड्याची टोपी कापून ठेवत नाही,” बाबा म्हणाले होते.

“काका, यंत्र शून्य म्हणतंय,” साहेब म्हणाले होते. “तुम्ही आता विश्रांती घ्यायला हवी.”

बाबांनी घेतली. एका सकाळी फेरीहून आले, बूट काढायला बसले आणि उठलेच नाहीत. रुग्णालयात चार दिवस होते. बोलणं अर्धवट व्हायचं. एकच वाक्य त्यांना नीट जमलं आणि ते त्यांनी तीनदा म्हटलं : “अंडं टाकू नका.” आत्याला वाटलं, जेवणातलं अंडं कोणी टाकून देतंय. तिने परिचारिकेशी भांडून त्यांच्यासाठी उकडलेलं अंडं मागवलं. बाबांनी त्या अंड्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरायचा प्रयत्न करते आहे.

तीन आठवड्यांनी आत्याने फोटोचा विषय काढला.

“भिंतीवर लावायला त्याचा एक धड फोटो नाही,” ती म्हणाली. “लग्नातला आहे, त्यात डोळे मिटलेत. ओळखपत्रावरचा आहे, त्यात चोर दिसतो.”

“आत्या, बाबा तसेच दिसायचे.”

“तुझ्या आईसमोर म्हणाली असतीस का?”

तेव्हा मला तो फोल्डर आठवला. ज्या माणसाने आयुष्यभर कॅमेऱ्यापुढून पळ काढला, त्याचे दर तिसऱ्या दिवशी फोटो निघत होते आणि ते कोणी पाहत नव्हतं.

खात्याच्या कार्यालयात संगणकाचं काम पाहणारी एक बाई आहे, दोन मुलांची आई, कायम सर्दी झालेली. बाबा तिला कॅमेरेवाली म्हणत आणि ती त्यांना काका. माझं म्हणणं ऐकून तिने आधी नाक पुसलं, मग डोळे.

“ताई, तो फोल्डर कोणी उघडतच नाही. न बघण्यासाठीच वेगळा ठेवलाय.”

“मग मला द्यायला हरकत नसेल.”

“हरकत घ्यायलाही कोणी बघायला पाहिजे ना,” ती म्हणाली आणि सगळे फोटो मला एका बोटभर पेनड्राइव्हमध्ये भरून दिले. “एक सांगू? ती कर्मचारी-वेळ अजून चालूच आहे. बंद करायची तर ज्या कर्मचाऱ्यासाठी सुरू केली त्याचा अर्ज लागतो. साहेबांना विचारलं, तर म्हणाले, नियम आहे.”

“बाबांना सांगते,” मी म्हटलं.

घरी येऊन मी फोटो उघडले. कॅमेरा पेटीच्या आत, जमिनीपासून वीतभर उंचीवर. त्यामुळे सातशे-आठशे फोटोंत मला बाबांचे गुडघे भेटले. पँटीचं ठिगळ भेटलं, मनगटावरची खूण भेटली. टोपीखालचा कपाळाचा तुकडा. अंडं ठेवताना बाबा जिभेचं टोक दातांत धरतात, हे मला अडतीस वर्षांत कधी दिसलं नव्हतं. मी सावकाश पाहत गेले. मुद्रितं तपासणाऱ्याची सवय वाईट असते. मजकूर वाचून झाला तरी नजर समासात जाते.

समासात, पेटीपासून तीन हातांवर, एक चपटा दगड होता. बाबा नवं अंडं पेटीत ठेवत, जुनं उचलत आणि निघताना त्या दगडावर फोडून टाकत. पुढच्या फोटोत बाबा नसत. त्याच्या पुढच्या फोटोत, सात वाजून दहा-बारा मिनिटांनी, दगडावर काळपट, लांबोडकं काहीतरी असे. मी मोठं करून पाहिलं. छातीवर पांढरा ठिपका. स्वतःच्या घरी असल्यासारखी बसून ती अंडं चाटत होती.

एकाच फोटोत नाही. दर तिसऱ्या दिवशी, दीड वर्ष.

ज्या पक्ष्यांसाठी बाबा एकतीस वर्षं पहाटे उठले, त्यांच्या शेवटच्या शत्रूला ते स्वतः न्याहारी वाढत होते. तीही वेळेवर. अंडं पेटीत होतं आणि दारातही होतं. मग पेटीत शिरायचा मूर्खपणा कोटवाली कशाला करील? आणि ज्या अर्ध्या तासात ती समोर बसून जेवायची, नेमका तोच अर्धा तास यंत्राने डोळे मिटलेले असायचे.

जुनी अंडी गोळा करून कार्यालयात परत आणायची, असा नियम आहे. का ते कोणाला माहीत नव्हतं. एकदा बाबांच्या कोटाच्या खिशात एक कुजकं अंडं फुटलं आणि आत्याने तो कोट तीन वेळा धुतला. त्यानंतर त्यांनी ती आणायचं बंद केलं. इतकं साधं.

मग मी तारखा पाहिल्या. बाबा गेल्यानंतरचेही फोटो होते. गुडघे नाहीत, अंडं नाही, नुसता दगड. आणि सात दहाला ती. येऊन दगड हुंगायची, पाणंदीच्या दिशेने, जिकडून बाबा यायचे तिकडे, थोडा वेळ पाहायची आणि निघून जायची. तीन आठवड्यांत सात वेळा. खात्यातली माणसं एकदा येऊन गेली होती. जवळचे नातेवाईक दोनदा. एवढ्या नेमाने समाचाराला आलेली तीच एकटी.

मी बाबांची वही काढली. ते फेरीची वही ठेवत. यंत्र आल्यावर वही ठेवू नये, असं लेखी कळवलेलं असतानाही. शेवटच्या दिवसाची नोंद अशी होती : ‘१४ – रिकामी. दगडावर पायाचे ठसे, ताजे. जुनं अंडं बाहेर टाकू नये. (मी टाकतो.) साहेबांना सांगणे.’

तो कंस मी बराच वेळ पाहत बसले. माझ्या कामात असा कंस आला की मी लेखकाला विचारते, हा ठेवायचा की काढायचा?

पेट्या उचलायला नऊ दिवस राहिले होते. सुरय त्यानंतर दोन आठवड्यांनी यायचे होते.

दुसऱ्या दिवशी मी पाच फोटो घेऊन शून्यसाहेबांकडे गेले. पाचही बाबा गेल्यानंतरचे निवडले होते. त्यांत बाबा नव्हते, अंडंही नव्हतं. असे निवडताना मला आपण काय करतो आहोत हे चांगलं माहीत होतं.

साहेबांनी फोटो हातात धरून लांब नेले, जवळ आणले.

“हे कर्मचारी-वेळेतले आहेत.”

“हो.”

“कर्मचारी-वेळेत यंत्र निर्णय देत नाही. निर्णय नाही, म्हणजे नोंद नाही.”

“पण प्राणी आहे.”

“फोटोत आहे,” साहेब समजुतीने म्हणाले. “नोंदीत नाही. आणि हे पाणमांजरही असू शकतं. याआधीचे फोटो आहेत का? बऱ्याच काळाचे असले तर विचार करता येईल.”

सातशे-आठशे फोटो माझ्या पर्समध्ये होते. बाबांच्या कवळीच्या डबीशेजारी.

“नाहीत,” मी म्हटलं.

“मग कठीण आहे. बघा ताई, काकांबद्दल मला आदर आहे. समारंभात त्यांच्यासाठी एक मिनिट ठेवलंय. पण एका मिनिटासाठी दोन वर्षांचं शून्य मोडता येत नाही.” मग त्यांना माझी दया आली असावी. “प्रत्यक्ष प्राणी आणून दिलात तर गोष्ट वेगळी. तसा नियम आहे. प्राणी हाती आला की दोन वर्षं पुन्हा पहिल्यापासून.”

एवढं बोलून ते हसले. मीही हसले. आम्हा दोघांनाही ते विनोद म्हणूनच ऐकू आलं.

बाबांचा जुना पिंजरा परसातल्या खोलीत होता. तारेचा, लांबट, आत पाटीवर पाय पडला की दार पडणारा. अक्कल नसलेला. आत्या दारात उभी राहून मी तो पुसताना बघत होती.

“तू? लहानपणी झुरळाला घाबरून टेबलावर चढायचीस.”

“अजूनही चढते.”

“मग हे काय खूळ?”

मी तिला वही दाखवली. आत्याने कंस वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

“म्हणजे तेव्हा तो अंड्याचं म्हणत होता,” ती म्हणाली, “ते हे.”

“हो.”

“आणि मी त्याला उकडून दिलं.”

ती आत गेली. बाबांचा कोट, बूट आणि ती कानटोपी घेऊन आली. तीन वेळा धुतलेला तोच कोट. “हे घालून जा,” म्हणाली. “तिला काय, वासाचंच कळणार.”

तिच्या येण्याच्या पुढच्या दिवशी, पहिल्या खेपेला, मी सातला चौदा नंबरपाशी होते. दगडाशेजारी पिंजरा ठेवला, आत अंडं ठेवलं आणि पाणंदीच्या वळणावर जाऊन बसले. कोटवाली आली. पिंजऱ्याला एक फेरी घातली, कोरा दगड हुंगला आणि गेली. साहेबांनीही माझे फोटो याच पद्धतीने पाहिले होते.

घरी येऊन बाबांच्या जुन्या वह्या मागे मागे चाळल्या. वीस वर्षांपूर्वीच्या एका पानावर सापडलं : ‘हुशार जनावर. आधी खाऊ द्यावं. दार मग.’

दुसऱ्या खेपेला मी तो चपटा दगडच उचलून पिंजऱ्यात ठेवला. दार तारेने उघडं बांधलं. मग बाबांसारखे गुडघे टेकले, चौदा नंबरच्या पेटीत डोकं घातलं, तिथलं अंडं काढून नवं ठेवलं आणि जुनं पिंजऱ्यातल्या दगडावर फोडलं. पेटीच्या आत कॅमेऱ्याचा ठिपका एकदा चमकला. निघताना मुद्दाम पाय आपटत निघाले. बाबा कधी हलक्या पावलांनी चालत नसत.

ती सात अकराला आली. बराच वेळ पुढचे पाय आत, मागचे बाहेर अशी उभी राहिली. मग आत शिरून जेवली. जाताना तिने पाणंदीकडे पाहिलं. मी कानटोपी डोळ्यांवर ओढली. तिची फसवणूक होत होती आणि ती मीच करत होते, यात शंका नव्हती. तिला इथे कुणी आणलं, कुणी सोडलं आणि कुणी सांभाळलं, ते मला माहीत होतं. त्या यादीत तिचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं.

तिसरी खेप पेट्या उचलायच्या दिवशीच आली. ट्रक नऊला येणार होता. मी दाराची तार सोडली, खटका लावला, अंडं फोडलं आणि पाय आपटत वळणापर्यंत गेले. सात दहा झाले. सात वीस. सुरयांच्या जागेवर अजून नुसती वाळू होती. सात सत्तावीसला मला दार पडल्याचा आवाज आला.

ती ओरडली नाही. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात दगडाला अंग लावून बसली आणि माझ्याकडे पाहू लागली. कोट तिचा माझ्याहून चांगला होता. मी बाबांचा कोट काढून पिंजऱ्यावर टाकला, कारण अंधारात जनावर शांत राहतं असं वहीत होतं. आणि कारण मला तिचं बघणं नको होतं.

आठ वाजता मी गाडी चालवत होते, तेव्हा पर्समधला फोन वाजला. ‘शिकारी प्राणी : शून्य. आपला दिवस शुभ जावो.’ मागच्या सीटवर कोटाखाली काहीतरी सरकलं.

कार्यालयाच्या पटांगणात ट्रक उभा होता. कॅमेरेवालीने कोटाचं टोक वर केलं, आत पाहिलं आणि पुन्हा खाली सोडलं. “काकांची ही?” तिने विचारलं. मी मान हलवली. ती नाक पुसत साहेबांना बोलावून आणायला गेली.

साहेब पिंजऱ्यासमोर उकिडवे बसले. दोन वर्षांचं शून्य त्यांच्या डोळ्यांदेखत मागे मागे जात असावं. मग ते उठले, पँटीवरची धूळ झटकली आणि ट्रकच्या चालकाला परत जायला सांगितलं. नियम मोडणारा माणूस तो नव्हता, एवढं मला कबूल करायला हवं. खात्याचा पशुवैद्य आला आणि पिंजरा आतल्या खोलीत घेऊन गेला. सुई दिल्यावर फार वेळ लागत नाही म्हणाला. मी बाहेरच्या बाकावर कोट मांडीवर घेऊन बसले. त्याला वाळूचा, अंड्याचा आणि बाबांचा वास येत होता. कितीही धुतला तरी.

मग साहेबांनी फॉर्म समोर ठेवला. प्राण्याचा प्रकार, लिंग, ठिकाण, वेळ. ‘शोधपद्धती’च्या रकान्यात त्यांनी आधीच ‘स्वयंचलित कॅमेरा यंत्रणा’ असं लिहून ठेवलं होतं. मी ते तसंच राहू दिलं. फोटो यंत्रानेच काढले होते. फक्त पाहिले नव्हते.

शेवटचा रकाना होता : ‘प्राणी इतका काळ टिकून राहण्याचं संभाव्य कारण.’

“इथे ‘अज्ञात’ लिहू,” साहेब म्हणाले. आवाज खाली आणून. “कॅमेरेवाल्या बाईंनी मला आत्ता बाकीचे फोटो दाखवले. मी सगळं पाहिलं, ताई. काकांचं नाव कशाला मध्ये आणायचं? समारंभ झाला असता तर त्यांच्यासाठी मिनिट ठेवलंच होतं.”

ते मनापासून बोलत होते. त्यांना चांगलं वागायचं होतं. मलाही तेच हवं होतं. त्यासाठीच मी पाच फोटो वेचून आणले होते. एक शब्द लिहिला की बाबा बरोबर ठरत होते आणि त्यांची चूक कुठेच उरत नव्हती. पण मग पुढे जो कोणी त्या पेट्या बघायला जाईल, तोही एक दिवस खिशात अंडं फुटायच्या भीतीने ते जवळच्या दगडावर टाकील. आणि ते टाकू नये, हे सांगायला तिथे कोणी नसेल.

मी साहेबांकडून पेन घेतलं आणि लिहिलं : ‘जुनं आमिष-अंडं पेटीबाहेर टाकलं जात होतं. टाकू नये.’ मग कंस केला आणि त्यात लिहिलं : ‘पेट्या सांभाळणारा कर्मचारी, माझे वडील, ते टाकत असत. त्यांनी शेवटच्या दिवशी तशी नोंद केली आहे.’ आणि वहीचं पान जोडलं.

साहेबांनी वाचलं. “कंसातलं काढता येईल,” ते म्हणाले.

“लेखकाला विचारावं लागेल,” मी म्हटलं.

पेट्या जिथल्या तिथे राहिल्या. दारातल्या फलकावरचा दिवसांचा आकडा पुन्हा एकपासून सुरू झाला; आता तो कोणी बदलायचा यावर खात्यात पत्रव्यवहार चालू आहे. कर्मचारी-वेळ कॅमेरेवालीने बंद करून टाकली. अर्जावर सही कुणाची, हे मी विचारलं नाही. त्याबरोबर बाबांचा नंबरही यादीतून गेला, त्यांच्या फोनवर आता आठ वाजता काही येत नाही. पहिले काही दिवस मी आठ वाजता फोन हातात घेऊन बसत असे.

भिंतीवरचा फोटो मी त्या फोल्डरमधूनच निवडला. सातशे-आठशे फोटोंत एकाच ठिकाणी बाबा सरळ कॅमेऱ्याकडे पाहताहेत. टोपी कपाळावर, जीभ दातांत. फ्रेम आणली तेव्हा आत्याने तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

“छान आलाय,” ती म्हणाली. “पण हे खांद्यामागे दगडापाशी काय आहे काळं? ते कापून घ्यायला सांगायचंस ना.”

“राहू दे आत्या,” मी म्हटलं. “बाबांच्या ओळखीची आहे.”